पाठकोरे कागद : परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एका कचेरीचा अनुभव

पाच हजार रुपये रोख दिले आणि पावती म्हणून जो कागद हातात आला तो पाठकोरा होता. ए-फोरची मधोमध घडी, वर निळ्या बॉलपेननं 'फाइल चार्ज ५०००/- मिळाले' आणि खाली गिचमीड सही. शिक्का नाही, नंबर नाही. तारीख मी मागितली म्हणून पडली.

मी प्रेसमधून रिटायर झालेला माणूस. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो : इंडिया सिक्युरिटी प्रेस, जिथं देशाचे पासपोर्ट छापले जातात. तिथं ३४ वर्षं काढली, त्यातली बरीचशी कागद मोजण्यात. आलेला ताव मोजायचा, गेलेला मोजायचा आणि वाया गेलेला तर दोनदा मोजायचा. हिशेब जुळल्याशिवाय पाळी सुटायची नाही, मग घरी बारसं असो की कुणाची मयत. त्यामुळं कागद हातात आला की उलटून बघायचा ही खोड आता काही जाणार नाही. हाही उलटला. मागं कुणा पोराच्या पासपोर्टची झेरॉक्स. वर फोटोचं पान, खाली शेवटचं पान. नाव, नंबर, जन्मतारीख, बापाचं नाव, आईचं नाव, निफाड तालुक्यातल्या एका गावाचा पत्ता, पिनकोडासकट.

"ताई, हे कुणाचंय?" मी समोरच्या मॅडमना विचारलं.

त्यांनी मान तिरकी करून बघितलं. "ते जुनं आहे काका. रफ पेपर म्हणून वापरतो आम्ही. झाडं वाचतात ना तेवढीच."

माझ्या शेजारी भाचा बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्याला यात वावगं काय तेच कळलं नव्हतं, आणि खरं सांगू, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

कचेरीचं नाव लिहीत नाही. लिहिलं की उद्या पाटी बदलून पुढच्या गल्लीत तेच दुकान मांडतील आणि तुम्ही निर्धास्तपणे आत शिराल. त्यापेक्षा आत गेल्यावर नजर कुठं टाकायची ते सांगतो.

जागा झकास आहे, त्याबद्दल तक्रार नाही. कॉलेज रोडच्या अंगाला, खाली मोबाइलचं दुकान, वर क्लासेस. लिफ्ट आहे, चालत नाही. एसी आहे, चालतो. चहा देतात, कटिंग असला तरी आल्याचा असतो. गाडी लावायला जागा शोधण्यात मात्र वीस मिनिटं जातात, त्यापेक्षा सिटीलिंकच्या बसनं गेलेलं बरं. भिंतीवर बुर्ज खलिफा आणि त्याच्या शेजारी 'आमचे यशस्वी उमेदवार' असा मोठा फलक. पन्नासेक पोरांचे फोटो, प्रत्येकाच्या हातात व्हिसाचा कागद उघडून धरलेला. सोफ्यावर बसल्या बसल्या त्यातल्या तिघांचे पासपोर्ट नंबर मी वाचले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस आहे मी.

टेबलामागं चौकटीत परराष्ट्र मंत्रालयाचं नोंदणी प्रमाणपत्र. त्याला झेंडूचा हार, आणि हार असा घातलेला की मुदतीची तारीख नेमकी फुलाखाली. मी उठून हार बाजूला सारला. मॅडम हसल्या, त्यांना वाटलं म्हातारा नमस्कार करतोय. मुदत संपून दोन वर्षं झाली होती, शिवाय प्रमाणपत्र दुसऱ्याच नावाचं, मुंबईच्या कुठल्या तरी फर्मचं. आणि ते अस्सलही नव्हतं. रंगीत झेरॉक्समध्ये राजमुद्रेच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळतात, सिंहांच्या आयाळीचा नुसता ठिपका होतो. हे बघायला मला भिंग लागत नाही.

"लायसन मुंबईच्या पार्टीचं आहे, आम्ही त्यांचं नाशिकचं काम बघतो," मॅडम म्हणाल्या. म्हणजे सब-एजंट. १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखाली परदेशी नोकरीसाठी माणसं भरायची तर नोंदणी लागते, ती ज्याच्या नावावर त्यालाच चालते, शाखा काढायची तर तिचीही परवानगी घ्यावी लागते. सब-एजंट नावाचा प्राणी कायद्याला मान्यच नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर प्रत्येक नोंदणीकृत एजंट सापडतो, नोंदणी चालू आहे की संपली तेही दिसतं. बेकायदा एजंटांची यादीसुद्धा तिथंच आहे. मी ते घरी जाऊन बघितलं. आधी बघायला हवं होतं.

आता भाच्याचं. तो सिडकोत राहतो, अंबडला एका कारखान्यात ठेकेदाराकडं वेल्डर आहे. दहावीला गणितात गचकला, मग आठवी पासवर आयटीआयचा वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स केला. हात चांगला आहे पोराचा. पण ठेकेदार अकरा महिन्यांनी ब्रेक देतो आणि पगार तिथल्या तिथं. मित्र दुबईला गेला, त्याचे रील बघून यालाही वारं लागलं. मी परदेशी जाण्याच्या विरोधात नाही. माझ्या पिढीला प्रेस, एचएएल, आर्टिलरी सेंटर होतं, यांना काय आहे? माझी धाकटी बहीण पाटल्या मोडायला निघाली तेव्हा तिनं मला सांगितलं. तोवर पासपोर्ट कचेरीत जमा होऊन दीड महिना झाला होता. अकरा ठिकाणी सह्याही झाल्या होत्या.

दहावी नाही आणि कोर्स एक वर्षाचा, म्हणून त्याचा पासपोर्ट ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) आहे. याचा अर्थ आखातासह १८ देशांत कामासाठी जायचं तर आधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ही कटकट वाटते खरी, पण त्यात तिकडच्या मालकाचं नाव, पगार आणि करार सरकारदरबारी नोंदला जातो. प्रवासी भारतीय बीमा योजनाही त्यातच सक्तीची आहे : दहा लाखांचा विमा, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये अधिक कर. कचेरीचं म्हणणं काय, तर "ईसीआर आहे ना, मग व्हिजिटवर पाठवू. तिकडं गेल्यावर कन्व्हर्ट होतं. सगळे तसेच जातात."

सगळे तसेच जातात हे खोटं नाही. पण व्हिजिट व्हिसावर गेलेला वेल्डर कामगार म्हणून कुठल्याच वहीत नाही. पगार बुडाला, हात भाजला, मालकानं झटकलं, तर कागदोपत्री तो बुर्ज खलिफा बघायला आलेला पाहुणा. आयुष्यभर ज्या मोजणीत गेलं तिच्या हिशेबानं सांगतो, ज्या तावाची नोंदच नाही तो हरवतही नाही.

मागितले ९५ हजार. मी म्हटलं, फोड करून द्या. नाखुशीनं दिली : सर्व्हिस चार्ज, व्हिसा, मेडिकल, तिकीट आणि 'इतर'. इतर ३२ हजार. नियमानं एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार घेता येतात, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. तेही पावतीवर. आणि यूएईचा स्वतःचा कामगार कायदा, २०२१ चा ३३ क्रमांकाचा, साफ सांगतो की भरतीचा खर्च मालकानं करायचा, कामगाराकडून आडमार्गानंसुद्धा वसूल करायचा नाही. मग व्हिसाचे पैसे दुबईत कंपनी भरते आणि नाशिकमध्ये वेल्डरची आई भरते, हे कसं? कंपनीला विचाराल तर ती म्हणेल, आम्हाला माहीत नाही, आमचा एजंट मुंबईत आहे. मुंबईचा म्हणेल, नाशिकला आमचं कुणी नाही. नाशिकचे म्हणतात, सर मुंबईला असतात. मी तीन वेळा गेलो, हे 'सर' एकदाही दिसले नाहीत. टेबलावर त्यांच्या नावाची पितळी पाटी मात्र लखलखीत होती.

दुसऱ्या खेपेला जे बघितलं ते विसरता येत नाही.

हॉलमध्ये आम्ही दहा-बारा जण. कोपऱ्यात सुरगाण्याकडचा एक पोरगा बसला होता, वीस-एकवीसचा असेल, पायात नवे बूट, दुकानातून थेट घालून आल्यासारखे. आखातात जायचं तर तिकडच्या देशांनी मान्य केलेल्या केंद्रात मेडिकल होतं, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, टीबी असं सगळं तपासतात. त्याचा रिपोर्ट आला होता. टेबलावरचा मुलगा फोनवर कुणाशी तरी बोलत होता, फोन स्पीकरवर. "हां, तो सुरगाण्याचा. अनफिट आलाय. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. नाही नाही, पैसे परत नाही करायचे, याला आपण दुसऱ्या देशात टाकू."

टाकू. जसं काही पार्सल.

सगळ्यांच्या माना वळल्या. त्या पोरानं कुणाकडंच बघितलं नाही, तो आपल्या बुटांकडं बघत राहिला. शेजारचा माणूस हळूच एक खुर्ची सोडून बसला. त्याच्या गावचा आणखी एक जण तिथं होता, म्हणजे संध्याकाळच्या एसटीनं ही बातमी गावात पोहोचली असणार. हिपॅटायटिस बी जेवणातून पसरत नाही, शेजारी बसल्यानं पसरत नाही. पण हे एसटीतल्या लोकांना कोण सांगणार? मी टेबलावरच्या मुलाला म्हटलं, "अरे, त्याला आत बोलावून सांगायचं होतंस." तो बिचारा ओशाळला. "आत जागा कुठंय काका?" पगार विचारला तर दहा हजार. शिकवलेलं कुणीच नाही त्याला. माझा राग त्याच्यावर नाही, मी सांगितल्यावर त्यानं स्पीकर तरी बंद केला.

वैद्यकीय माहिती ही संवेदनशील माहिती, तिला जपायची जबाबदारी घेणाऱ्या संस्थेची, हे आयटी कायद्याखालच्या २०११ च्या नियमांतच आहे. नवा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांत १८ महिन्यांची मुदत दिली आहे. त्यात माहिती कशासाठी घेतली ते सांगावं लागेल, ती सूचना मराठीतही मागता येईल, संमती परत घेता येईल, माहिती पुसून टाका म्हणता येईल. सुरक्षेत कसूर केली तर दंड २५० कोटींपर्यंत. आता गंमत बघा. १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टमध्ये माणसं बेकायदा भरती केल्याबद्दल दोन वर्षांपर्यंत कैद आहे आणि दंड आहे दोन हजार रुपयांपर्यंत. दोन हजार! वेल्डर विकला तर दोन हजार आणि त्याची झेरॉक्स सांडली तर अडीचशे कोटी. दोन्ही आकडे मी दोनदा तपासले, सवयच आहे.

माझी लेक पुण्यात आयटीत आहे, तिचं रोजचं काम या डेटाच्या भानगडीतलं. तिला फोनवर हा प्रकार सांगितला. तिनं हॅम्बुर्गचं उदाहरण दिलं. एच अँड एम ही कपड्यांची स्वीडिश कंपनी, तिच्या जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या केंद्रात साहेब लोक रजेवरून आलेल्या कामगारांशी गोड बोलून त्यांचे आजार, घरची भांडणं, धर्म वगैरे काढून घेत आणि नोंदून ठेवत. २०१९ मध्ये संगणकाच्या चुकीनं त्या नोंदी काही तास कंपनीभर उघड्या पडल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅम्बुर्गच्या माहिती संरक्षण कचेरीनं ३ कोटी ५३ लाख युरोंचा दंड केला. "तिथं लिहून ठेवलं म्हणून दंड," लेक म्हणाली, "आणि तुमच्याकडं स्पीकरवर." आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा एक करारही तिनं वाचून दाखवला, १८१ नंबरचा, खासगी भरती एजन्सींबद्दलचा. सहाव्या कलमात लिहिलंय की कामगाराची माहिती त्याच्या शिक्षण-अनुभवापुरती आणि कामाशी थेट संबंध असेल तेवढीच घ्यायची, आणि जपायची. सातव्यात, कामगाराकडून फी घ्यायची नाही. भारतानं तो अजून स्वीकारलेला नाही. पण मला त्यातलं एक आवडलं : माणसाचे पैसे आणि माणसाची माहिती त्यांनी एकापाठोपाठच्या कलमांत ठेवलीय. त्या कचेरीत दोन्ही एकाच ड्रॉवरमध्ये असतात.

ज्या दुबईच्या कंपनीचं नाव भाच्याला सांगितलं होतं तिची वेबसाइट लेकीनं उघडली. माहितीच्या गोपनीयतेवर भलं लांबलचक निवेदन आहे. सर्व्हर कुठं, कुलूप कसलं, तक्रार कुणाकडं, सगळं. त्यांच्या बाजूनं ते खरंही असेल. पण त्या सर्व्हरपर्यंत जायच्या आधी भाच्याचा पासपोर्ट, आधार, आयटीआयचं सर्टिफिकेट आणि आईचं पासबुक (ते कशाला हवं होतं देव जाणे) मॅडमच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये फोटो काढून गेलंय, त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंच्या मधोमध. मला त्यांनीच स्क्रोल करून दाखवलं, "हे बघा काका, आहे सेफ."

सेफचा प्रत्यय लवकरच आला. महिन्याभरात भाच्याला कर्जवाल्यांचे फोन सुरू झाले. 'दुबईला जाताय, पर्सनल लोन हवंय का?' त्यांना दुबईचं कसं कळलं? मग एकानं पासपोर्ट नंबर बरोबर सांगून 'लेबर कार्ड फी' मागितली. लेकीच्या सांगण्यावरून आम्ही सरकारच्या संचार साथी साइटवर त्याच्या नावावर किती सिम आहेत ते बघितलं. दोन त्याचे, एक अनोळखी. 'माझा नंबर नाही' म्हणून तिथंच तक्रार टाकली, तो बंद झाला. ते सिम याच कचेरीतून गेलेल्या कागदावर निघालं असं मी छातीठोक म्हणणार नाही. झेरॉक्सला पाय असतात, पण पाऊलखुणा नसतात. तुम्ही मात्र आधारची प्रत द्यायचीच झाली तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार डाउनलोड करून द्या, आणि प्रत्येक प्रतीवर आडवं लिहा : कशासाठी, कुणाला, तारीख, सही. मजकुरावरून जाईल असं लिहा, कोपऱ्यात नको. कोपरा कापता येतो.

पासपोर्ट परत घ्यायला तिसऱ्या खेपेला गेलो.

"प्रोसेसमध्ये आहे काका."

"कुठल्या? दुबईच्या व्हिसाला मूळ पासपोर्ट लागत नाही. परमिट ईमेलवर येतं."

"सरांची परवानगी लागेल. आणि कॅन्सलेशनचे १५ हजार."

पासपोर्ट का अडकवतात ते उघड आहे. पोरगं दुसऱ्या एजंटाकडं जाऊ नये म्हणून. मी काही बोललो नाही, पिशवीतून माझा स्वतःचा पासपोर्ट काढला. एकदा परदेशी जायचं म्हणून काढला होता, अजून कोराच आहे. सूचनांचं पान उघडून मॅडमसमोर ठेवलं. तिथं इंग्रजीत छापलेलं असतं की हा पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे. पासपोर्ट कायदा १९६७, कलम १७. "हे वाचा. हा माझा नाही, भाच्याचा त्याचा नाही आणि तुमचा तर नाहीच. जप्त करायचा तर पासपोर्ट अधिकाऱ्यानं करायचा. हे वाक्य आमच्याकडं छापतात ताई, नाशिकरोडला, इथून रिक्षानं अर्ध्या तासावर. चला, पोलीस ठाण्यात बसून सरांची वाट बघू."

त्यांनी ड्रॉवर उघडला. रबरबँड लावलेला गठ्ठा, निळ्या कव्हरांचा, पत्त्यांच्या कॅटासारखा. गठ्ठ्याची जाडी बघून आकडा सांगायची विद्या मला नोकरीनं दिली आहे : चाळीसच्या वर, पन्नासच्या आत. त्यातून भाच्याचा काढून दिला. बाकीचे पुन्हा आत गेले, रबरबँड चटकन वाजला. त्या आवाजानं माझ्या अंगावर काटा आला, कारण आमच्याकडं अशी एक जरी पुस्तिका कमी भरली असती तर अख्खा विभाग उभा राहिला असता. मी तालुका पोलीस ठाण्यात नाही गेलो, पण गठ्ठ्याबद्दल आणि त्या हारातल्या प्रमाणपत्राबद्दल मुंबईच्या प्रोटेक्टर कार्यालयाकडं लेखी तक्रार पाठवली आहे. पोच आली आहे. पुढचं अजून काही नाही.

पाच हजार गेले ते गेलेच.

राहिला तो पाठकोरा कागद. माझी पावती त्या निफाडच्या पोराच्या पासपोर्टच्या पाठीवर! त्याचा कागद त्याला द्यावा तर माझा पुरावा जातो, ठेवावा तर मीही त्या कचेरीसारखाच. दोन दिवस तो देव्हाऱ्याच्या कप्प्यात ठेवला. शेवटी पावतीच्या बाजूचा तेवढा फोटो काढला आणि मूळ कागद पाकिटात घालून पत्त्यावर स्पीड पोस्ट केला, सोबत चार ओळी. आठवड्यानं फोन आला.

"काका, हा कागद तुमच्याकडं कसा आला?"

सांगितलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण मी नाशिकच्या कुठल्याच ऑफिसात कधी गेलो नाही. मालेगावच्या एका एजंटाला दिले होते कागद, दोन वर्षं झाली. काम झालं नाही, मी नाद सोडला." आता तो द्राक्षबागांवर फवारणीचा ट्रॅक्टर चालवतो. त्याचा पुढचा प्रश्न होता, "माझ्या नावावर काही निघालंय का हो?" त्याला संचार साथीचं सांगितलं. मालेगाव ते नाशिक हा कागद कसा आला, मधे किती टेबलं लागली, हे त्याला ठाऊक नाही आणि मलाही. यादी विकत घेतली की फुकट मिळाली, कोण सांगणार?

गुणच द्यायचे तर त्या कचेरीला पाचपैकी अर्धा, तो चहाचा.

दुसरी कचेरी मुंबई नाक्याच्या बाजूला आहे. तिथं आम्ही आधी ई-मायग्रेटवर नंबर टाकून बघितला, मग जिना चढलो. मुख्य ऑफिस मुंबईचं, इथली शाखा परवानगीची. प्रमाणपत्राला हार नाही. तिथल्या बाईंनी पासपोर्ट समोरच स्कॅन केला आणि लगेच परत दिला. मी हात पुढं करायच्या आधी! पैसे बँकेतून, ३५,४००, छापील नंबराची पावती, दोन्ही बाजूंनी. करार मराठीत समजावून सांगितला : १,५०० दिरहम मूळ पगार, राहणं कंपनीचं, जेवण आपलं. व्हिसा कंपनीकडं. प्रोटेक्टरच्या मंजुरीला वेळ लागेल हे आधीच सांगितलं आणि लागतोही आहे. भाचा वैतागलाय, मित्र व्हिजिटवर तीन आठवड्यांत गेला म्हणतो.

सगळं गोड आहे असं नाही. त्यांच्या फॉर्ममध्ये धर्म, जात, वजन, घरात किती माणसं, बहिणीचं लग्न झालंय का, असे रकाने होते. मी विचारलं, वेल्डिंगला बहिणीचं लग्न कशाला? बाई हसल्या, म्हणाल्या, जुना फॉर्म आहे, कोरं ठेवा. कोरं ठेवलं, वर आडवी रेघ मारली, कारण कोरा रकाना दुसरं कुणीही भरू शकतं. आणि सर्टिफिकेटं व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणाल्या, ऑफिसच्या नंबरवर का होईना. त्याचा एक गुण कापला. आणखी अर्धा कापला तो तक्रार कुणाकडं करायची हे विचारल्यावर 'माझ्याकडंच करा' म्हणाल्या त्याचा. पाचपैकी साडेतीन.

मंगळवारी मुंबईला मेडिकल आहे. पंचवटी एक्स्प्रेसनं जाणार, सकाळी नाशिकरोडला सोडायला मीच जाईन. रिपोर्ट कुणासमोर सांगायचा नाही, पाकिटात द्यायचा, हे त्या बाईंकडून लिहून घेतलंय. भाच्याजवळ पासपोर्टच्या पाच झेरॉक्स दिल्या आहेत, प्रत्येकीवर आडवं लिहून, एक ते पाच नंबर टाकून. तो म्हणाला, "मामा, तुम्ही लईच करता." रात्रीच्या गाडीनं परत आला की किती उरल्या ते मोजून घेणार आहे.